बँक अधिकाऱ्याची समाजसेवा कर्जाच्या फायलीत शोधा

जिल्हा बँकेचे सरव्यवस्थापक किंवा नागरी सहकारी बँकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी निवृत्त झाले की स्थानिक वर्तमानपत्रात त्यांच्यावर अर्धं पान येतं. कारकून म्हणून लागले, शाखाधिकारी झाले, पस्तीस वर्षांत सर्वोच्च पदावर पोचले. मग समाजकार्याचा परिच्छेद येतो: रक्तदान शिबिरं, शाळेला बाकं, स्मशानभूमीला शेड, गुणवंतांचे सत्कार, देवस्थानच्या विश्वस्त मंडळावर दोन तपं. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण ज्या खुर्चीत बसून या माणसाने हजारो घरांचे निर्णय घेतले, त्या खुर्चीतल्या कामाबद्दल त्या अर्ध्या पानात एक ओळही नसते. कर्ज कुणाला दिलं, कुणाला नाकारलं, नाकारताना कारण सांगितलं का, पेरणीआधी पैसे पोचवले का, संचालकाच्या माणसाची फाईल समोर आली तेव्हा पेन थांबलं का, हे कुणी विचारत नाही.

बँक अधिकाऱ्याची समाजसेवा त्याच्या नोकरीबाहेर शोधायची ही सवय आपण सोडली पाहिजे. त्याच्या हातून समाजाचं सगळ्यात मोठं भलं किंवा बुरं होतं ते सहीने होतं, आणि त्या सहीचा हिशोब मागता येतो. तो मागण्याची सोय सभासदांना आणि ठेवीदारांना मिळाली पाहिजे.

आधी देणगीचं गणित पाहू. नागरी सहकारी बँकेने वर्षभरात द्यायच्या देणग्यांवर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, आदल्या वर्षाच्या जाहीर नफ्याच्या १ टक्का. समजा एका बँकेचा नफा ४ कोटी आणि येणे कर्ज ३०० कोटी. म्हणजे देणगीला वर्षाकाठी जास्तीत जास्त ४ लाख. बाकं, मंडप, सत्काराच्या शाली, सगळं त्या ४ लाखांत. ३०० कोटी मात्र त्याच गावातल्या दुकानांत, गोठ्यांत, रिक्षांत आणि घरांत फिरत असतात. त्यातला फक्त १ टक्का, म्हणजे ३ कोटी, बुडवणाऱ्याकडे जाण्याऐवजी कष्टकऱ्याकडे गेला, तरी ती रक्कम पंचाहत्तर वर्षांच्या देणग्यांएवढी होते. कर्ज परत येतं आणि देणगी येत नाही, हा फरक आहेच. पण परत येतं म्हणूनच तोच रुपया पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी जातो.

शिवाय देणगीचे पैसे अधिकाऱ्याचे नसतात, सभासदांचे असतात. ज्या न्यासात किंवा संस्थेत संचालकांचा वा त्यांच्या नातलगांचा हितसंबंध आहे, तिथे देणगी द्यायलाच मनाई आहे. हा नियम फार विचारपूर्वक केलेला आहे. तालुक्याच्या गावात शाळा, पतसंस्था, दूध संघ आणि बँक यांच्या मंडळांवर तीच चार घराणी फिरत असतात. त्यामुळे बँकेची देणगी बँकेच्याच संचालकाच्या शाळेकडे वळणं ही तिथे सहज घडणारी गोष्ट असते. अशा देणगीवर सही न करणारा अधिकारी गावाच्या दृष्टीने कंजूष ठरतो. त्याचं कौतुक कुणी छापत नाही.

कंपनी कायद्यातली नफ्याच्या २ टक्क्यांची सामाजिक उत्तरदायित्वाची सक्ती सहकारी बँकांना लागू नाही. ती लागू करावी, अशी मागणी अधूनमधून होते. ती अनाठायी आहे. सहकारी किंवा ग्रामीण बँकेचं मूळ कामच सामाजिक आहे. ते सोडून शिबिरांना टक्केवारी ठरवून दिली, तर मूळ कामाकडे दुर्लक्ष करायला एक चांगलं निमित्त मिळेल.

मूळ काम सामाजिक आहे, हे महाराष्ट्राला एका बँक व्यवस्थापकानेच दाखवून दिलं होतं. १९११ साली मुंबईत बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक निघाली. सर विठ्ठलदास ठाकरसी आणि सर लल्लूभाई सामळदास हे तिचे संस्थापक. लल्लूभाईंचे चिरंजीव वैकुंठभाई मेहता वीस-एकवीस वर्षांचे असताना तिथे व्यवस्थापक झाले. संस्थापकाचा मुलगा म्हणून खुर्ची मिळाली, असं आज आपण म्हणू, आणि ते चूकही नाही. पण १९४६ मध्ये मंत्रिपद स्वीकारेपर्यंत, साडेतीन दशकांच्या आसपास, त्यांनी तेच एक काम केलं: गावोगावच्या प्राथमिक सोसायट्यांपर्यंत कर्ज पोचवायचं, त्यांचे हिशोब तपासायचे, सचिवांना शिकवायचं. पुढे ते खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष झाले. पुण्यातली राष्ट्रीय सहकार प्रबंध संस्था आज त्यांच्या नावाने आहे. त्यांच्या कारकिर्दीत नोकरी आणि समाजसेवा अशी दोन खाती उघडावी लागत नाहीत. आणि त्यांनी घडवलेल्या त्याच बँकेचं, म्हणजे आजच्या महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचं, आपल्या शिखर बँकेचं, संचालक मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त करून प्रशासक नेमावे लागले. त्या घसरणीचं कारण शिबिरं कमी पडली हे नव्हतं. कारण कर्जवाटपात होतं.

आता फाईल उघडून पाहू.

विकास सोसायटी म्हणजे जिल्हा बँकेचं कर्ज शेतकऱ्यापर्यंत पोचवणारी गावातली सहकारी संस्था. तिच्या सभासदाचं खरीप पीककर्ज. सोयाबीनचा पीककर्ज दर समजा हेक्टरी ६०,००० रुपये ठरला आहे. शेतकऱ्याचं क्षेत्र १.२० हेक्टर. पिकाचा भाग झाला ७२,०००. किसान क्रेडिट कार्डाच्या सूत्रानुसार त्यावर काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के, म्हणजे ७,२००, आणि शेतीतल्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी २० टक्के, म्हणजे १४,४००. पहिल्या वर्षाची मर्यादा ९३,६००, विम्याचा हप्ता वेगळा. पुढे पाचव्या वर्षापर्यंत दरसाल १० टक्के वाढ. ज्या शाखेत हे सूत्र पुरतं वापरलं जात नाही, तिथे ७२,००० मंजूर होतात आणि फाईल बंद होते. राहिलेले २१,६०० शेतकऱ्याला लागतातच. मोटार जळते, घरात दुखणं निघतं. ते पैसे तो सावकाराकडून किंवा कृषी सेवा केंद्राच्या उधारीतून उभे करतो. त्या उधारीची फेड म्हणून काढणीनंतर माल त्याच दुकानदाराला, त्याच्या भावाने. बँकेच्या ताळेबंदात यातलं काही दिसत नाही. तिथे कर्ज नियमित, वसुली उत्तम.

रकमेइतकीच तारीख महत्त्वाची. सोयाबीनची पेरणी जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, पाऊस पडेल तशी. पैसे १० जूनच्या आत खात्यात आले तर बियाणं रोखीने आणि निवडून घेता येतं. २० जुलैला आले तर त्या पैशाने उधारी भागते, शेती नाही. १० जून साधायचं असेल तर काम मार्चमध्ये सुरू व्हावं लागतं. सोसायटीच्या गटसचिवाने कमाल मर्यादा पत्रक तयार करायचं, त्यात प्रत्येक सभासदाचं क्षेत्र आणि पीक सात-बारा आणि आठ-अ शी ताडून लिहायचं, बँकेच्या तपासनिसाने एप्रिलमध्ये ते तपासायचं, मेच्या पहिल्या पंधरवड्यात मंजुरी. एका गटसचिवाकडे तीन-चार सोसायट्या असतात. त्यातल्या एकीचं पत्रक अडलं की दोन-अडीचशे घरांची पेरणी उधारीवर जाते. पत्रक अडण्याची कारणंही ठरलेली: वारसनोंद झालेली नाही, पीकपाहणीत सोयाबीनच्या जागी मागच्या वर्षीचा कापूस राहिलाय, भावकीतल्या सामाईक क्षेत्राची फोड नाही, फिटलेल्या कर्जाचा बोजा सात-बाराच्या इतर हक्कांत तसाच आहे. ही चारही कामं महसुलाकडची, सुरुवात तलाठ्यापासून. ज्या अधिकाऱ्याने एप्रिलमध्ये तहसीलदारांशी बोलून गावोगाव एक-एक दिवस ठरवून घेतला, तलाठी, गटसचिव आणि तपासनीस एका टेबलाशी बसवले, त्याने त्या तालुक्याचं जेवढं भलं केलं तेवढं दहा शिबिरांनी होत नाही. या कामाला निधी लागत नाही. अधिकाऱ्याला उन्हाळ्यात फिरावं लागतं, इतकंच.

२ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२५ पासून आहे. त्याआधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. तरी शाखेत जमिनीचं गहाणखत, दोन जामीनदार आणि आसपासच्या प्रत्येक बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे तिथलं कर्ज बाकी नसल्याचा दाखला, मागितला जातो. प्रत्येक कागदामागे शेतकऱ्याचा एक दिवस मोडतो. वरच्या कार्यालयातून परिपत्रक पोचलेलं असतं. ते शाखेत पाळलं जातं का, हे पाहायला कुणीतरी अचानक जाऊन दहा फायली काढाव्या लागतात. तो कुणीतरी म्हणजे हा मोठा अधिकारीच.

दुभत्या जनावरांच्या कर्जातला एक बारकावा सांगण्यासारखा आहे. दोन गाईंचं कर्ज मंजूर झालं की पहिली गाय आत्ता आणि दुसरी पाच-सहा महिन्यांनी घ्यायची, अशी पद्धत आहे. कारण गाय साधारण दहा महिने दूध देते, मग भाकड काळ. दोन्ही गाई एकाच बाजारातून एकाच दिवशी आणल्या तर दोन्ही एकदमच आटतात, दूध संघाकडून होणारी हप्त्याची कपात थांबते, तीन हप्ते चुकतात आणि ९० दिवस उलटले की खातं थकीत. शेतकरी तोच, गाई त्याच, कष्ट तेवढेच. चुकलं ते वाटपाचं वेळापत्रक. मार्चअखेरचं उद्दिष्ट गाठायच्या घाईत शाखाधिकाऱ्याने दुसऱ्या गाईचे पैसेही त्याच दिवशी सोडले. वर बसलेल्या अधिकाऱ्याने त्या शाखेला वाटपाच्या आकड्याबद्दल सन्मानाची ढाल दिली. वर्षभराने त्याच शेतकऱ्याला नोटीस गेली.

मार्चअखेरचा आणखी एक प्रकार प्रत्येक बँकवाल्याला माहीत आहे: नवं-जुनं. व्याज सवलत मिळवायची तर पीककर्ज मुदतीत भरावं लागतं. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर ७ टक्के दर, वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्के सूट, आणि उरलेला भार राज्य उचलतं, त्यातला मोठा वाटा डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. म्हणजे वेळेत भरणाऱ्याला बिनव्याजी. पण मार्चमध्ये शेतकऱ्याच्या हातात पैसा असतोच असं नाही. तूर विकायची राहिलेली असते, उसाचं बिल आलेलं नसतं. मग तो आठ-दहा दिवसांसाठी बाहेरून रक्कम उचलतो, बँकेत भरतो, नवं कर्ज मंजूर झालं की बाहेरची फेडतो. त्या आठवड्याचं व्याज शेकड्याला एक-दोन रुपये जरी धरलं, तरी बिनव्याजी योजनेचा फायदा तिथेच विरघळायला लागतो. आणि मधल्या काळात बँकेने नवं कर्ज अडवलं तर माणूस सावकाराच्या पाशात कायमचा. बँकेची कागदावरची वसुली ९० टक्क्यांच्या वर दिसते, त्यातला किती भाग पिकाच्या पैशातून आला आणि किती बाहेरच्या उचलीतून, हे शाखाधिकाऱ्याला तोंडपाठ असतं. ज्याला खरं काम करायचं आहे, तो भरणा आणि उचल एकाच दिवशी होईल अशी यंत्रणा लावतो, मंजुरी आधीच तयार ठेवतो. मधली दहा दिवसांची फट बुजवली की सावकाराचा हंगामच संपतो.

अनिष्ट तफावत हा शब्द सोसायटीच्या लोकांपलीकडे कुणी ऐकलेला नसतो, पण महाराष्ट्रातली कितीतरी गावं त्याने कर्जाबाहेर ठेवली आहेत. सोसायटी जिल्हा बँकेला १ कोटी देणं लागते. सभासद सोसायटीला ८२ लाख देणं लागतात. मधले १८ लाख कुणाकडूनच येणं नाही, तीच अनिष्ट तफावत. वसुलीच्या पैशातून सोसायटीने पगार, भाडं आणि इतर खर्च भागवले, बँकेने लावलेलं व्याज आणि सोसायटीने सभासदांना लावलेलं व्याज जुळलं नाही, कुठे अफरातफर झाली, अशी तिची कारणं. सभासदाने आपलं कर्ज पै-पै फेडलेलं असतं, पण सोसायटीच अडचणीत म्हणून त्याला नवं मिळत नाही. ही गाठ सोडवायला आधी बँकेच्या आणि सोसायटीच्या खतावण्या वर्षावार समोरासमोर ठेवून व्याजातला फरक वेगळा काढावा लागतो, मग अपहाराची रक्कम कायद्यानुसार निश्चित करून संबंधितांकडून वसूल करावी लागते, आणि उरलेल्यासाठी संस्थेला उत्पन्नाचं दुसरं साधन, खतविक्री, गोदाम, असं काही उभं करून द्यावं लागतं. एका सोसायटीला यात वर्ष-दोन वर्षं जातात. फोटो काढण्याजोगा एकही क्षण त्यात येत नाही. पण ज्या अधिकाऱ्याने कारकिर्दीत अशा वीस सोसायट्या बाहेर काढल्या, त्याच्यावर अर्धं काय, पूर्ण पान छापावं.

आता नकाराकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. मंजूर केलेलं कर्ज थकलं तर अधिकाऱ्याची चौकशी होते. वसुली दाखला, तपासणी अहवाल, सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली जबाबदारी निश्चिती, निवृत्तीनंतरही हेलपाटे. नाकारलेल्या कर्जाची चौकशी कधीच होत नाही. नकाराची बहुतेक वेळा फाईलच तयार होत नाही: काउंटरवरूनच सांगितलं जातं, सध्या बंद आहे, मार्चनंतर या, साहेब रजेवर आहेत. अर्ज घेतला नाही म्हणजे नोंद नाही, नोंद नाही म्हणजे नकारही नाही. अशा व्यवस्थेत कुठलाही सावध माणूस नाही म्हणायला शिकतो, आणि तसं शिकलेल्या माणसाची कारकीर्द डागरहित राहते. त्या स्वच्छ सेवापुस्तिकेमागे किती शिवणयंत्रं, किती टपऱ्या, किती विहिरी झाल्याच नाहीत, ते कुठल्याच अहवालात येत नाही. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक चौकशीला पोचपावती, आणि नकार दिला तर कारणासह लेखी. पोचपावत्यांची आणि नकारांची शाखावार संख्या दरमहा मुख्य कार्यालयात. एखाद्या शाखेत महिन्याला तीनच अर्ज येत असतील, तर त्या गावात गरज नाही असं नसतं, दार बंद असतं.

नियम कडक झाल्यामुळे अधिकारी घाबरतात, असं बँकांची माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण नियम कशामुळे कडक झाले तेही विसरता येत नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्या दिवशी खातेदाराला काढता येणारी रक्कम होती १,००० रुपये. एकाच बांधकाम उद्योगसमूहाला बँकेच्या एकूण कर्जांच्या सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज गेलं होतं, आणि ते झाकण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. त्याआधी २००२ च्या होम ट्रेड प्रकरणात नागपूरसह काही जिल्हा बँकांनी सरकारी रोख्यांसाठी दलालाला पैसे दिले आणि रोखे आलेच नाहीत. दोन्हीकडे नाही म्हणायची वेळ आली होती. पहिल्यात कर्ज एकाच दारी साचू न देणं, दुसऱ्यात रोखे खात्यावर जमा झाल्याशिवाय पैसे न सोडणं. बँकिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात ते दोन धडे. ते पाळले गेले नाहीत, कारण समोरच्याला नाही म्हणणं कठीण होतं.

म्हणून जे अधिकारी लहान माणसाला सहज नाही म्हणतात आणि मोठ्याला म्हणू शकत नाहीत, त्यांच्यापासून बँकेला सगळ्यात जास्त धोका असतो, मग त्यांनी किती का शिबिरं घेतलेली असेनात. आज नियम अधिकाऱ्याच्या बाजूला आहेत. नागरी बँकेला एका कर्जदाराला प्रथम श्रेणी भांडवलाच्या, म्हणजे मुख्यतः स्वतःच्या भागभांडवल आणि राखीव निधीच्या, १५ टक्क्यांपेक्षा आणि एका समूहाला २५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. संचालक आणि त्यांच्या नातलगांना कर्ज द्यायला मनाई आहे. खासदार, आमदार, नगरसेवक यांना बँकेचा मुख्य कार्यकारी होता येत नाही. ती नेमणूक एका वेळी पाच आणि एकूण पंधरा वर्षांपुरती. १०० कोटींवर ठेवी असलेल्या बँकेला वेगळं व्यवस्थापन मंडळ. या चौकटीत नाही म्हणणाऱ्याला कायद्याचा आधार मिळतो, आणि त्याला डावललं जाण्याची भीती पूर्वीपेक्षा कमी आहे.

एक आक्षेप मला मोलाचा वाटतो. प्रादेशिक बँकेची ताकदच तिच्या माणसांच्या ओळखीत आहे. साहेब देवस्थानच्या मंडळावर, शाळेच्या समितीत, तालमीच्या कार्यक्रमात असतात म्हणूनच त्यांना कळतं की अमक्याचा धंदा चालतो, तमक्याच्या घरात वाटण्या होणार आहेत. सिबिलच्या आकड्यात हे येत नाही. समाजात मिसळणं बंद केलं तर लहान बँक आणि मुंबईतून चालणारी मोठी बँक यांत फरक काय राहिला?

हे खरं आहे, आणि याचं उत्तम उदाहरण माण तालुक्यातल्या म्हसवडचं आहे. चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी महिला बँकेसाठी पहिला अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवाना नाकारला गेला. त्या पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला तोंडी व्याज काढायला सांगा, तुमच्या अधिकाऱ्यांनी कॅल्क्युलेटर न घेता काढावं, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला रोज व्याज काढावं लागतं, हे त्या बाईच्या शेजारी बसलेल्या माणसालाच ठाऊक असतं. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हाही ताकद हीच होती: गटातल्या बायकांना एकमेकींची पत माहीत असते.

तेव्हा मिसळावंच. पण मिसळण्यातून मिळते ती माहिती फाईलमध्ये लिहिली गेली पाहिजे, आणि जिथे साहेब स्वतः पदावर आहेत त्या संस्थेची, तिच्या पुरवठादाराची, तिच्या ठेकेदाराची फाईल त्यांच्या टेबलावरून जाऊ नये. ओळखीची नोंद एका ओळीची असते: अर्जदार माझ्या परिचयाचे, देवस्थान समितीत सहकारी, निर्णय कर्ज समितीकडे सोपवला. ही ओळ लिहिणारे अधिकारी आहेत. कमी आहेत.

ग्रामीण बँकांपुढचा प्रश्न वेगळा. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण आणि महाराष्ट्र ग्रामीण या दोन्ही मिळून राज्यात एकच ग्रामीण बँक झाली, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. भांडवल वाढेल, संगणकाचा खर्च वाटला जाईल. पण सावंतवाडीच्या काजू प्रक्रियेतलं आणि गडचिरोलीच्या धानातलं अंतर एका पीककर्ज पुस्तिकेत मावत नाही. इथे क्षेत्रीय व्यवस्थापकाला मंजुरीचे अधिकार किती दिले जातात यावर सगळं ठरेल. जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत उद्दिष्टाच्या टक्केवारीवर तास जातो. कर्ज-ठेव गुणोत्तर मात्र आकडा वाचून पुढे ढकललं जातं. गावाने १०० रुपये ठेवले आणि त्यातले ३५ गावात परत आले, तर उरलेले ६५ कुठे गेले, हा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा बँकेच्या अधिकाऱ्याने आधी विचारायला हवा. हे गुणोत्तर ४० टक्क्यांच्या खाली गेलेल्या जिल्ह्यांसाठी खास उपसमिती नेमायची तरतूद आहे. तिच्या बैठकांत कोणत्या शाखेला कोणतं काम दिलं, हे पुढच्या बैठकीत वाचलं गेलं तरी पुष्कळ.

राहिला हिशोब कसा मागायचा तो. सहकारी बँकेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि अहवाल आधी सभासदांकडे येतो. त्या अहवालात आज अध्यक्षांचं मनोगत, सत्काराचे फोटो आणि ताळेबंद असतो. त्यात एका पानाची भर घालता येईल. कर्जांची आकारमानानुसार विभागणी: ५० हजारांपर्यंत किती खाती आणि किती रक्कम, ५ लाखांपर्यंत किती, २५ लाखांपर्यंत किती, त्यावर किती. लहान कर्जाची रिझर्व्ह बँकेची व्याख्या काही बँकांत ३ कोटींपर्यंत जाऊ शकते, आणि तालुक्यात ३ कोटी लहान नसतात, म्हणून ही विभागणी वेगळी हवी. वर्षभरात आलेले अर्ज, मंजूर, नाकारलेले, आणि अर्जापासून वाटपापर्यंत लागलेले सरासरी दिवस. १५ जूनपूर्वी किती टक्के खरीप कर्ज वाटलं. पहिल्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जापैकी किती टक्के. थकबाकीदारांपैकी किती मोठ्यांवर आणि किती लहानांवर जप्तीची कारवाई झाली. आणि देणग्यांची संस्थावार यादी, त्या संस्थेशी कुणा संचालकाचा किंवा अधिकाऱ्याचा संबंध नाही अशा सहीसह.

हे सगळे आकडे बँकेच्या संगणकात आजही आहेत, एका दुपारी निघतात. गोपनीयतेचा भंग होत नाही, कुणा कर्जदाराचं नाव लागत नाही. सभेत एका सभासदाने लेखी मागणी केली तर टाळता येते, पन्नासांनी केली तर टाळणं कठीण होतं. सभेची सूचना चौदा दिवस आधी येते. तेवढ्यात पन्नास सह्या होतात.